पावतीवरचं नाव

सुटलो एकदाचे, असं परवा मी शाळेच्या पायरीवरच मोठ्यानं म्हणाले आणि चार लोकांनी वळून पाहिलं. पाहू देत. बारा दिवस आमच्या घरात जे चाललं होतं ते माझं मला माहीत. आता हसू येतंय, म्हणून सांगते.

आमचे हे नगरपालिकेत घरपट्टीच्या वसुलीवर होते. एकतीस वर्षं. खांद्याला पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक, खिशात दोन पेनं, कारण एक ऐन वेळी दगा देतं. वसुलीवाला दारात आला की लोक काय काय करतात ते यांच्याकडून ऐकावं. बाहेरून कुलूप आणि आतून कुकरची शिट्टी, असं एक घर होतं. हे शांतपणे पायरीवर बसून राहिले. चौथ्या शिट्टीला मागच्या दारानं घरमालक आले आणि पैसे देऊन गेले. कुत्रं दोनदा चावलं, जिन्यावरून एकदा पडले, शिव्या तर रोजच्या. पण कोणाच्या घरी चहा घेतला नाही. चहा घेतला की मुदत द्यावी लागते, म्हणायचे.

आता आमच्या घराची गोष्ट. घर घेतलं तेव्हा कचेरीचा नियम होता की ज्या भागाची वसुली तुमच्याकडे, त्या भागात तुमच्या नावावर घर नको. स्वतःच स्वतःला पावती कशी देणार, असा त्यामागे विचार. बाकीच्या कारकुनांनी नियमाकडे काणाडोळा केला. आमच्याकडे तसलं काही चालत नाही. घर माझ्या नावावर झालं.

एवढ्यावर थांबले असते तर ते हे कसले? दर वर्षी वसुली सुरू झाली की पहिलं घर आमचं. सकाळी पैसे माझ्या हातात द्यायचे, कामाला निघायचे, कोपऱ्यावरून वळून परत यायचे आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवायचे. मी दार उघडलं की म्हणणार, घरपट्टी. मी पैसे द्यायचे, हे मोजून घ्यायचे, पावती लिहायचे, आभारी आहे म्हणायचे आणि जायचे. पहिल्या वर्षी मी म्हटलं, अहो, आत तरी या. तर म्हणाले, बाई, मी कामावर आहे. समोरच्या घरातले लोक खिडकीतून बघत बसायचे. फुकटचा तमाशा, कोण सोडेल?

असा हा माणूस निवृत्त झाला तो मनात एक सल घेऊन. जे कर बुडवायचे तेच सभेत सगळ्यात मोठ्यानं ओरडायचे, आमच्या गल्लीत दिवा नाही, आमची गटार तुंबली. हे घरी येऊन चडफडायचे. चोर तो चोर वर शिरजोर, म्हणायचे. आणि खोटं बोलत नव्हते. मीही त्या लोकांना बघितलंय.

म्हणून लोखंड-सिमेंटच्या दुकानाचे शेठ जेव्हा ठराव घेऊन आले, तेव्हा यांना आभाळ ठेंगणं झालं. ठराव असा की पुढच्या निवडणुकीपासून घरपट्टीची पावती ज्याच्या नावाची, त्यालाच मत. एक पावती, एक मत. शेठना स्वतःला निवडणुकीला उभं राहायचं होतं, ते सोडा. पण त्यांना दोन ओळी धड लिहिता येत नाहीत, तेव्हा मसुदा कोणी लिहिला? आमच्या यांनी. आमच्याच टेबलावर, माझ्याच भाजीची परडी बाजूला सारून.

वरच्या खोलीत आमची भाडेकरू राहते, इस्पितळात परिचारिका आहे. तिला यांनी अगदी समजावून सांगितलं की तुझं मत आता जाईल, पण वाईट वाटून घेऊ नको, नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, काका, मी भाडं देते त्यातूनच तुम्ही घरपट्टी भरता ना? यांनी हात झटकला. पावतीवर नाव आहे का तुझं, म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी चहाच्या भांड्याकडे. तिचं बरोबर होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण बोलले नाही, आता लाज वाटते.

मग अर्ज आला, ठराव सभेत मंजूर होणारच असं धरून. नव्या यादीत नाव हवं त्यानं अर्ज भरायचा आणि सभेला पावती घेऊन यायचं, आत प्रवेश पावतीवर. हे सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून अर्ज भरायला बसले. पावत्यांची फाइल काढली. एकही वर्ष चुकलेलं नाही. पावतीचा नंबर लिहिला, तारीख लिहिली. पुढचा रकाना, पावतीवरील नाव. तिथे पेन थांबलं.

एकतीस पावत्या, निवृत्तीनंतरची एक सोडली तर सगळ्या यांच्या हस्ताक्षरातल्या आणि सगळ्यांवर नाव माझं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सगळ्या गावाची दफ्तरं तोंडपाठ असलेल्या माणसाला आपल्याच घराच्या पावतीवरचं नाव आठवलं नव्हतं.

मी हसले. तिथेच चुकलं माझं. पण हसू आवरेचना. आणि मग यांचा चेहरा पाहिला आणि हसणं बंद केलं.

तुम्हाला कळणार नाही ते काय होतं. मतदानाच्या दिवशी रांगेत पहिला माणूस कोण, तर आमचे हे. केंद्र उघडायच्या आधी अर्धा तास. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाही गेले, माझ्या खांद्यावर भार टाकून. साहेब नाही, अधिकारी नाही, जन्मभर दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला माणूस. त्या एका दिवशी कोणी दार लावून घेत नव्हतं.

मी म्हटलं, घर तुमच्या नावावर करू, त्यात काय. तर म्हणे, सोयीसाठी नावं बदलायची? तेच तर लोक करत आले. बरं, मग शेठना सांगा की ठराव चुकला. त्यावर जे बोलले ते मी विसरणार नाही. म्हणाले, "माझं मत गेलं म्हणून नियम वाईट होत नाही. तिचं जात होतं तेव्हा मी काय म्हणालो?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यानंतर बारा दिवस घरात नुसती चुळबुळ. वर्तमानपत्र उघडायचं आणि तेच पान धरून बसायचं. फिरायला जाणं बंद, कारण वाटेत शेठचं दुकान. परिचारिकेला वाटलं काका आजारी आहेत, ती थर्मामीटर घेऊन खाली आली. मी तिला खरं सांगितलं. मला वाटलं आता ही चांगली सुनावेल, आणि तिनं सुनावलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. पण ती यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, काका, आता आपण दोघं एका बाकावर. हे कसंनुसं हसले.

आणि खरंच बाकावरच बसले. सभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती. दाराशी पावत्या बघायला यांच्याच हाताखाली शिकलेला कारकून. यांना बघून उठून उभा राहिला, म्हणाला, साहेब, चला आत, मी कुठे नाव बघतोय, या वर्षाची पावती आहे एवढंच बघतोय. हे म्हणाले, बघायला पाहिजे. आणि व्हरांड्यातल्या बाकावर, खिडकीखाली जाऊन बसले. परिचारिका कामावरून परस्पर तिथे आली होती, ती शेजारी बसली. पावती माझ्या हातात. मला एकटीला आत जावं लागलं. आजवर सभेत गेले असेन ती यांच्या मागे मागे आणि तीही शेवटच्या खुर्चीवर.

शेठ बोलले. मसुदा यांचा होता, त्यामुळे भाषा चांगली होती. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय? माझं काही ठरलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. मी सहज खिडकीकडे पाहिलं. खालून यांच्या डोक्याचा वरचा भाग तेवढा दिसत होता, टक्कल आणि दोन्ही बाजूंचे पांढरे केस. एकतीस वर्षं ज्या नगरपालिकेसाठी पाय झिजवले तिच्या सभेत हा माणूस बाहेर. मी उभी राहिले.

म्हटलं, मला भाषण येत नाही, एक शंका आहे. माझ्या पावतीवर माझं नाव आहे. पण पैसे आले यांच्या पगारातून आणि आता आमच्या भाडेकरूच्या भाड्यातून, आणि ती दोघंही बाहेर बाकावर बसलीत. मी आयुष्यात एक पैसा कमावलेला नाही. तर कर नेमका भरला कोणी आणि मत मला कसं, एवढंच सांगा.

मागे कोणीतरी हसलं. शेठ हात जोडून म्हणाले, ताई, तुमचं घर म्हणजे अपवाद आहे. अपवाद म्हटल्यावर माझं डोकं सटकलं. आमच्या घरात सगळं नियमानं झालं म्हणून आम्ही अपवाद?

मी म्हटलं, "मग सगळ्यांनी आपल्या हातातल्या पावतीवरचं नाव वाचा. मोठ्यानं."

कागद सळसळले. पहिल्या रांगेतल्या मास्तरांनी चष्मा लावला आणि वडिलांचं नाव वाचलं. वडील जाऊन चौदा वर्षं झाली. मास्तर प्रामाणिक, तेही सांगून टाकलं. बेकरीवाल्यानं थोरल्या भावाचं नाव वाचलं, तो परदेशात. एक बाई म्हणाली, माझी सासूबाईंच्या नावावर आहे, आणि माझं मत त्या देणार असतील तर मी आत्ताच घरी जाते. मग हशा सुरू झाला तो थांबेना. कोणाची पावती काकांच्या नावाची, कोणाची ज्यानं घर विकलं त्या आधीच्या मालकाच्या नावाची. अर्ध्या गावाची मतं मेलेल्या माणसांकडे निघाली.

तेवढ्यात मागून आवाज आला, शेठ, तुमची वाचा. शेठ पावतीची घडी घालत होते. वाचावी लागली. आईच्या नावावर. आणि त्यांची आई स्वतःच्या लेकाला मत देणार नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक, ती म्हातारी ते भाजीवाल्यालाही सांगते.

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. ठरावाच्या बाजूनं नऊ हात, त्यातला एक मध्येच खाली गेला. ठराव पडला. मी मटकन खाली बसले. छातीवरचा दगड उतरला म्हणजे काय ते त्या खुर्चीत कळलं. मग बाहेर पायरीवर येऊन जे ओरडले ते आधी सांगितलंच.

यांनी खिडकीखालून सगळं ऐकलं होतं. मला एकदम लक्षात आलं आणि मी विचारलं, ही सगळी नावं तुम्हाला पाठ होती ना? होती, म्हणाले, घरागणिक. मग बारा दिवस तोंड का नाही उघडलंत? तर म्हणे, दफ्तरातलं बाहेर सांगायचं नसतं. मी कपाळावर हात मारला. अशा माणसाला काय करावं, सांगा तुम्हीच.

घरी चालत निघालो. परिचारिका पुढे होती. हे तिला हाक मारून थांबवून म्हणाले की मसुदा माझा होता, माझं चुकलं. ती हो काका म्हणाली आणि पुन्हा पुढे चालू लागली, डोळे पुसत. मलाही भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझं चुकलं हे शब्द मी यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

कोपऱ्याशी आल्यावर यांनी हळूच विचारलं, समजा ठराव पास झाला असता, तर माझ्या मनातल्या माणसाला तू मत दिलं असतंस ना? दर निवडणुकीला सकाळी हे मला अर्धा तास समजावतात, कोणाला द्यायचं, का द्यायचं. मी मान डोलावते. आता खोटं बोलावं तर तो दिवस तसा नव्हता.

"आजपर्यंत एकदाही दिलेलं नाही," मी म्हटलं.

हे थांबले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. एकदाही, विचारलं. एकदाही नाही, मी म्हटलं. मला वाटलं, झालं, आता आणखी बारा दिवस. पण यांच्या खांद्यांना हलताना पाहिलं आणि कळलं की हे हसतायत. रस्त्यात उभं राहून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे इतकी वर्षं तू माझं मत खोडत होतीस," हे म्हणाले. "बरं झालं बाई. खोडायला तरी एक मत राहिलं माझं."