विटेनबर्ग, जि. लातूर

‘जन्म – आइसलेबेन, जि. लातूर.’

भिंतीवर हे वाचलं आणि चहाचा पेला हातात तसाच धरून मी उभा राहिलो. खालची ओळ वाचली. ‘मठात प्रवेश – एरफुर्ट, जि. लातूर.’ त्याखाली ‘चर्चच्या दारावर पत्रक ठोकले – विटेनबर्ग, जि. लातूर.’ मग ‘बादशहापुढे माघार घेतली नाही – वर्म्स, जि. लातूर.’ शेवटी मरण. तेही आमच्याच जिल्ह्यात.

शिडीवर माझा मेव्हणा शिवलिंग ब्रश पुसत बसला होता. लई खूष.

“दाजी, तुमी जिल्हा टाकायचं इसरलात. मी टाकून दिला.”

मी साइनबोर्ड पेंटर. लातूरला दुकान. जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या धंद्याला सुगी आली. बाकी कोणाकडंच नव्हती, कारण पाऊस नव्हता. सोसायटी, शाळा, पिठाची गिरणी, जो तो म्हणे, पाटीवरचं ‘जि. उस्मानाबाद’ काढा आणि ‘जि. लातूर’ करा. एका रसवंतीवाल्याकडं ऊसच नव्हता, रसवंतीला कुलूप. पण त्यालाही जिल्हा बरोबर पाहिजे होता.

दर पाटीवर तेच लिहून हात मोडायचे. म्हणून मी स्टेन्सिल केली. म्हणजे पत्र्यात अक्षरं कापायची, पत्रा पाटीवर धरायचा, वरून ब्रश फिरवायचा. अक्षरं उमटतात. त्याला हुशारी लागत नाही, म्हणून हे काम मी शिवलिंगला दिलं. बायकोचा भाऊ, द्यावं लागतं. तो दिवसभर पाट्यांवर गाव शोधायचा आणि गावापुढं ‘जि. लातूर’ मारायचा. पुढं पुढं त्याला दुसरं काही दिसेना.

त्यात मुरुडच्या ल्यूथरन मंडळीचं काम आलं. मंडळी म्हणजे त्यांची चर्चची माणसं. मोजकी घरं, एक पत्र्याचं चर्च. त्यांचे पास्टर देगलूरकडचे, तेलुगू मुलखाच्या सीमेवरचे. भला माणूस, पण घाबरट. घाबरला की तेलुगूत सुरू व्हायचा.

“पेंटर, आमच्या मार्टिन ल्यूथरचा इतिहास भिंतीवर पाहिजे. मोठ्या अक्षरात.”

“कोण म्हणायचे हे?”

पास्टर ओसरीवर बसून सांगायला लागले. ल्यूथर जर्मनीतले, जुन्या काळचे. तिथं चर्चवाले पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट विकायचे. ल्यूथर म्हणाले, हे चालायचं नाही. तारण विकत मिळत नाही आणि आपल्या कामानंही मिळत नाही. ते देवाच्या कृपेनं मिळतं. फुकट. आपण फक्त विश्वास ठेवायचा.

“म्हंजे काम न करता?” शिवलिंगनं विचारलं.

“हाव.”

शिवलिंगला हा धर्म फार पटला.

भिंतीची घाई कशाला, तेही पास्टरांनी सांगितलं. बिशपसाहेब येणार होते. बिशप म्हणजे सगळ्या पास्टरांचे साहेब. मुरुडची मंडळी लहान पडते, तिला नांदेडच्या मंडळीत विलीन करावी, असं वर चाललं होतं. तसं झालं तर पास्टरांची बदली आणि चर्चला कुलूप. लग्न असो, बाप्तिस्मा असो, की मयताची प्रार्थना, एस्टी बदलत बदलत नांदेड गाठायचं. बिशपनी एकदा येऊन बघावं, ही मंडळी जिवंत आहे, तिला स्वतःचा इतिहास आहे, म्हणून ही भिंत. पास्टरांचा सगळा भरवसा तिच्यावर होता. पोटातून वाईट वाटलं मला. म्हटलं, असं काम करतो की बिशप बघत राहतील.

राहिलेच ते. पण ते पुढं.

त्या दिवशी बिशप दुपारी येणार होते. सकाळी मी शेवटची ओळ संपवली आणि चहाला बाजारात गेलो. शिवलिंगसाठी पेला घेऊन आलो, तेवढ्यात हा प्रताप.

“आरं गाढवा, ती जर्मनीची गावं हायती!”

“मंग? जर्मनीला जिल्हा नसतोय का?”

“असल! पण लातूर कसा असल?”

शिवलिंगनं थोडा विचार केला. “दाजी, तुमीच म्हणलाव, गाव दिसलं की मार.”

मी असं म्हणालो होतो, हे खरं आहे. पण त्यानं आयुष्यात माझं एवढं एकच ऐकावं?

टर्पेंटाइनचं फडकं घेऊन मी पहिला ‘जि. लातूर’ पुसायला गेलो. अक्षरं ऑइलपेंटची आणि भिंत चुन्याची. ओला काळा रंग चुन्यात पसरला. आइसलेबेनच्या पुढं म्हैस बसल्यासारखा डाग पडला. आतून लातूर दिसतच होतं. आता एकच इलाज होता, सगळ्या भिंतीला परत चुना द्यायचा आणि परत लिहायचं. चुना कालवायला पाणी पाहिजे. मी पास्टरांच्या मिसेसकडं दोन घागरी मागितल्या.

“टँकर परवा आला होता,” बाई म्हणाल्या. “लेकरांना अंघोळ न्हाई आन् तुमाला भिंतीला अंघोळ घालायची?”

तेवढ्यात पास्टर बाहेर आले. त्यांनी पाचही ओळी वाचल्या आणि ओसरीवर बसले. “अय्यो, अय्यो,” आणि पुढचं सगळं तेलुगू. दस्तीनं घाम पुसत होते. मला बोलायला तोंड नव्हतं. शिवलिंगला होतं.

“पास्टरसाहेब, तारण कामानं होतच न्हाई म्हणलाव की तुमी. मंग काम बिघडलं तर काय बिघडलं?”

मी पायातली चप्पल काढली. पण वाटेवर धुरळा उठला. जीप आली होती.

बिशप उंच, गंभीर माणूस. पायरीवर मंडळी उभी. पुढं शांतामावशी, मंडळीतली सगळ्यात थोरली बाई. सगळ्यांच्या बाळंतपणात हिचा हात. बिशपनी नमस्कार घेतले, चष्मा लावला आणि भिंत मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या जिल्ह्याला थांबले. दुसऱ्याला चष्मा पुसला. पाचही वाचून झाल्यावर वळले.

“पास्टर, ल्यूथर लातूर जिल्ह्यातले?”

पास्टर परत तेलुगूत सुरू झाले. शिवलिंग पुढं झाला.

“साहेब, नवा जिल्हा हाय. समदं त्याच्यातच आलंय.”

कोणी हसेना. आता कुलूप लागलंच असं मला वाटलं. मग शांतामावशी पदर खोचून बिशपसमोर उभ्या राहिल्या.

“साहेब, ह्या पेंटरला अक्कल न्हाई, त्ये दिसायलंय.” हे माझ्याकडं बघून, शिवलिंगकडं नाही. “पण एक इचारते. ल्यूथरबाबा कुठल्या मुलखातून मुरुडला आला. आमच्यासाठी आला. आन् आता आमीच मुरुड सोडून नांदेडला जावं?”

बिशपनी एकदा मावशीकडं बघितलं, एकदा त्या म्हशीएवढ्या डागाकडं. खांदे हलायला लागले. मग एवढे हसले, एवढे हसले, की त्यांना पास्टरांच्या शेजारी ओसरीवर बसवावं लागलं. मिसेसनी पेलाभर पाणी आणलं, दुष्काळातलं. ते त्यांनी थेंब न सांडता पिलं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “भिंत पण राहू द्या आन् मंडळी पण. ल्यूथरचं जन्मगाव नांदेडमध्ये कोणत्या तोंडानं विलीन करू?”

पास्टर रडले. मीही डोळ्यावर दस्ती धरली आणि टर्पेंटाइन झोंबलं म्हणालो. मंडळी मुरुडातच राहिली.

पुढच्या साली पाऊस झाला. विहिरी भरल्या. माझ्या नावावर असली भिंत उभी, झोप यायची नाही. एक दिवस चुना घेऊन स्वतःहून मुरुडला गेलो, म्हटलं फुकट दुरुस्त करून देतो. भिंतीपुढं शांतामावशी काठी घेऊन बसल्या होत्या.

“हात तर लावून बघ,” म्हणाल्या.

मी चुना घेऊन परत आलो. तेव्हापासून ती स्टेन्सिल मी दुकानात कुलपात ठेवतो. कुलपात खरं तर मेव्हण्याला ठेवायला पाहिजे, पण घरात मला राहायचं आहे.