पराणीवरचा चतुर

आमच्या थोरल्या जाऊबाई चालता चालता एकदम थांबत. डोक्यावर दोन हंडे, आणि बाई तळ्याच्या कडेला खांबासारख्या उभ्या! कुंभिवलीच्या बायका म्हणत, "झालं, चतुर दिसला वाटतं." मी लग्न होऊन नवी आले तेव्हा मला वाटलं, या घरात वेडबिड आहे की काय. मग मलाही ते लागलं.

पाण्यावर भिरभिरणारे चतुर सगळ्यांनीच पाहिलेले असतात, पण त्यांतले नर ओळखावेत ते आमच्या बाईंनीच. अंगभर लालभडक तो त्यांचा 'नवरदेव'. अर्धे पंख काळे, पुढे पांढरा पट्टा, भातखाचरात मिरवणारा तो 'पट्टेवाला'. राखी निळा, अंगावर भुकटी उधळल्यासारखा, तो 'गोसावी'. माद्या बिचाऱ्या बहुतेक पिवळट. एकदा मी तोऱ्यात एका पिवळ्याला मादी म्हटलं, तर बाई हंडा हिंदकळेपर्यंत हसल्या. "अगं धाकटे, पोरगा हाय तो! मिसरूड फुटायचंय अजून." दोन बोटांत त्याचे पंख अलगद मिटून धरून त्यांनी मला दाखवलं. कमरेजवळ पोटाखाली बारीकशी गाठ, शेपटीच्या टोकाला चिमटा. "रंगाला भुलू नको गं. रंग चढतो, उतरतो. टोक बघ."

तळ्याच्या कडेला चिखलात त्यांनी एक पराणी रोवली होती. बैल हाकायची, थोरल्या भाऊजींच्या हातातली. घाटात रेल्वेचा रस्ता खोदत होते तेव्हा हे बाईंचे यजमान ठाकुरवाडीकडे मजुरीला गेले, ते परतलेच नाहीत. कोणी म्हणे पटकीत गेले, कोणी म्हणे मजुरांच्या टोळीबरोबर देशावर गेले. आता नर चतुराचं असं, की तो एकच काठी धरतो. कितीही उडाला तरी फिरून तिथंच येऊन बसतो. बाई याबद्दल कधी बोलल्या नाहीत, पण पावसाळा सरला की पराणी हलवून पुन्हा घट्ट करत.

बारा वर्षं उलटली. इतकी वर्षं पत्ता नाही म्हणजे माणूस गेला असं धरायचं, आता दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायची, म्हणजे बाईंचं कुंकू जायचं. सासूबाई रडायच्या. आणि क्रियेच्या अगदी तोंडावर दारात एक गोसावी उभा! अंगाला भस्म, छातीपर्यंत दाढी. उंची तीच, नाक तेच. "आई" म्हणाला. सासूबाईंनी त्याला छातीशीच धरला. सारा गाव लोटला. मला तर रडूच फुटलं. देवा, वाचवलंस रे माझ्या जाऊबाईंना!

बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि त्याच्या पायांवर पाणी घालू लागल्या. भस्म धुऊन गेलं. डाव्या पायाच्या करंगळीपाशी त्यांचा हात थांबला. नांगराचा फाळ लागून भाऊजींच्या त्या बोटाचं नख कायमचं गेलं होतं. याचं शाबूत होतं.

बाईंनी मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी हात जोडले. "सूनबाय, नखं उगवतात गं," एवढंच म्हणाल्या.

"नाय आत्याबाय. हे आमचे नव्हं."

गोसाव्याला भाकरी वाढली, तो खाऊन निघून गेला. ठरल्या दिवशी क्रिया झाली आणि बाईंचं कपाळ पुसलं गेलं.

मी मात्र धुमसत होते. तळ्यावर गाठून म्हटलंच, "हो म्हटलं असतंत तर कुणाचं काय बिघडलं असतं? कुंकू राहिलं असतं. म्हातारीनं सुखानं डोळे मिटले असते."

बाई वाकून पराणी घट्ट करत होत्या. मोकळ्या कपाळाकडे माझ्यानं बघवेना. "आन उद्या ते आले म्हंजे?" त्या म्हणाल्या. "बसतील कुठं गं?"

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे ते शेवटपर्यंत आले नाहीत. घाटातून गाड्या जातात येतात, त्यांचंही आता कुणाला नवल नाही. पराणी कुजून गेली, तिच्या जागी मी साधी बांबूची काठी रोवली आहे. बाई, तुमची फार आठवण येते हो. काठीवर कोणी येऊन बसलं की मी आधी शेपटीचं टोक बघते, आणि "बाई, नवरदेव आला!" म्हणून शेजारी वळते.