डावा हात वर

रोज एकाच रस्त्यानं चाललं की दोन गोष्टी होतात. गुडघे सुधारतात आणि किस्से साठतात. गुडघ्यांची मी खात्री देत नाही. किश्शांचं मात्र असं झालंय की बंधाऱ्याजवळच्या टपरीवर चहा उकळेपर्यंत एक संपतो आणि दुसरा सुरू होतो. टपरीवाला हल्ली मुद्दामच चहा उशिरा देतो, असा माझा संशय आहे.

रस्ता आमच्या अकोले गावचा, प्रवरेच्या काठाकाठानं घाटापासून बंधाऱ्यापर्यंत जाणारा. चांगला लांबलचक. पूर्वी बैलगाडीची वाट होती, आता निम्म्यावर पेव्हर ब्लॉक आणि पुढं मुरूम. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला ऊस. सुरुवातीलाच पाटी आहे, ‘फक्त पायी व सायकल’. लोक त्या पाटीला टेकवूनच मोटारसायकली लावतात.

आम्ही चौघं चालायचो. नवले गुरुजी, रिटायर्ड हेडमास्तर. सिस्टर, सरकारी दवाखान्यात जन्म काढलेल्या, भुताखेतावर काडीचा विश्वास नाही. शांताराम, माझा बिगरीपासूनचा दोस्त, घरी चार म्हशी. आणि मी, म्हणजे आप्पा. मी एकतीस वर्षं नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस शॉपला काढली. प्रेसखाली बोट कधी दिलं नाही, कान मात्र दिले. समोर बसून कुणी बोललं तर ऐकू यायचं, पाठीमागचं काहीच नाही.

नगरला जाऊन गुपचूप कानाचं मशीन आणलं होतं. ते चष्म्याच्या जुन्या डबीत घालून कपाटात ठेवलं, कारण लावलं की म्हातारा दिसतो. घरी कमलला, म्हणजे बायकोला, वाटायचं थोडंसंच कमी ऐकू येतंय. तिनं एकदा स्पष्ट सांगितलं होतं, “ज्या दिवशी मागची घंटा ऐकू येणार नाही, त्या दिवशी तुमचे बूट मी माळ्यावर टाकीन.” आणि ती टाकेल, यात शंका नव्हती. रिटायर झाल्यावर माझं स्वतःचं म्हणावं असं ते सकाळचं चालणंच उरलं होतं. ते गेलं असतं तर मी खुर्चीत बसूनच संपलो असतो. म्हणून लपवलं.

*

गुरुजींना बिनानियमाचं काही सहन होत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नियम काढले. चालणाऱ्यानं डाव्या कडेनं चालायचं. मागून येणाऱ्यानं घंटा वाजवायची, नाहीतर आवाज द्यायचा. आणि पुढच्यानं ऐकल्याची खूण म्हणून डावा हात वर करून बाजूला व्हायचं.

“हात वर झाला म्हणजे ऐकलं,” गुरुजी म्हणाले. “ज्याचा हात वर होत नाही, त्यानं या रस्त्यावर येऊच नये.”

ते सहज बोलून गेले. मला मात्र माझे बूट माळ्यावर दिसले. मग मी युक्ती काढली. शांतारामच्या मागं चालायचं. त्याचा हात वर गेला की आपला वर. बस, एवढंच.

पहिल्यांदा लोक हसले, पण महिन्याभरात सायकलवाले घंटा वाजवायला लागले, शेळ्या राखणाऱ्या बायकासुद्धा हात वर करायला लागल्या. गुरुजींनी एका म्हशीवाल्याला थांबवून म्हशींची डावी बाजू समजावून सांगितली. शांताराम म्हणाला, “गुर्जी, म्हशी शिकतील. मोटारसायकलवाल्यांचं काय बोलू नका.”

*

पाऊस संपल्यावर जांभळीच्या झाडाखाली रोज घंटा वाजायला लागली. एकच ठोका. सगळ्यांचे हात वर, सगळे डावीकडं, आणि मागून कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सगळे नुसते भराभर चालले. मला अर्थात यातलं काही ऐकू आलं नव्हतं. मी शांतारामच्या हाताकडं बघून इमानदारीत हात वर करत होतो.

चौथ्या दिवशी सिस्टर पदर खोचून शेजारच्या शेतात शिरल्या. शेतकऱ्यानं पाखरं हाकलायला जुन्या सायकलच्या घंटेची वाटी तारेला टांगली होती, शेजारी एक मोठा खिळा. वारा आला की खिळा वाटीवर आपटायचा. शेतकऱ्याला विचारून सिस्टरनी ती वाटी काढून आणली आणि टपरीच्या फळीवर ठेवली. “हे घ्या तुमचं भूत,” म्हणाल्या.

पाचव्या दिवशी जांभळीखाली आलो. शांतारामचा हात वर गेला. गुरुजींचा गेला. सिस्टरचाही गेला. शांतारामचा गेला म्हणून माझाही गेला.

वाटी तिकडं टपरीवर होती. “सवय हो, दुसरं काय,” सिस्टर म्हणाल्या. पण मागं वळून कुणीच बघितलं नाही, त्यांनीसुद्धा नाही.

*

एका सकाळी धुकं असं पडलं होतं की नदी आहे हे नुसतं वासावरून कळत होतं. तेवढ्यात पुढं एक माणूस दिसला. नाकापर्यंत मफलर, तोंड आमच्याकडं. गुरुजींनी नमस्कार केला. त्यानं मान हलवली.

आम्ही चालतोय, तोही पावलं टाकतोय, तोंड आमच्याकडंच, पण जवळ काही येत नाही. आहे तेवढंच अंतर. आम्ही पाय उचलले तरी तेवढंच.

शांताराम माझ्याकडं वळला, चेहरा पांढराफटक. “पाय बग रं त्याचं आधी,” म्हणाला. आमच्याकडं लहानपणापासून सांगतात, संशय आला की पाय बघायचे, उलटे असले तर पळायचं. पण पाय धुक्यात होते. सिस्टरनी माझी बाही धरली. भुताखेतावर काडीचा विश्वास नसलेल्या सिस्टरनी.

मग तो माणूस विजेच्या खांबावर पाठीनं आदळला आणि “आई गं” म्हणून खाली बसला. बदली होऊन आलेले बँकेचे मॅनेजर निघाले. गुडघ्यासाठी कुणीतरी त्यांना उलटं चालायला सांगितलं होतं. पाय सरळच होते, फक्त निघाले होते उलट्या दिशेला.

सिस्टरनी त्यांची पाठ चोळून दिली. गुरुजी मात्र गंभीर झाले. “उलटं चालणाऱ्याची डावी बाजू कुठली धरायची?” यावर बंधाऱ्यापर्यंत वाद झाला आणि अजून मिटलेला नाही.

*

शांतारामच्या डाव्या हाताला तीनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तरुणपणीच कडबाकुट्टीच्या मशीननं नेलं होतं. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

एका रविवारी समोरून पुण्याचे सायकलवाले आले. हेल्मेट, चष्मे, सगळा थाट. उसाच्या वळणावर त्यांनी घंटा वाजवली. सगळ्यात पुढच्या शांतारामनं हात वर केला. त्यांच्यात म्हणे पुढचा माणूस बोटांनी खूण करतो की आपण एकूण किती जण आहोत. यांनी तीन बोटं बघितली, शांताराम, गुरुजी आणि सिस्टर अशी तीन माणसं नीट मोजून पार केली आणि रस्ता मोकळा म्हणून पायडल मारलं.

चौथा मी होतो. बुटाची नाडी बांधायला मागं थांबलो होतो, मान खाली. थेट बेशरमीच्या झुडपात जाऊन पडलो.

“काका, तुम्ही तीन दाखवले होते,” सायकलवाला शांतारामवर चिडला.

शांतारामनं हात पुढं केला. “बाबा, माज्याकडं तेवडीच हायेत.”

हसून हसून सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कमलला सांगितलं, पेव्हर ब्लॉकवरून पाय घसरला.

*

त्याच दिवशी परतताना शांतारामनं मला बंधाऱ्याच्या कठड्यावर बसवलं आणि स्वतः समोर बसला.

“तुला ऐकू येत न्हाई,” म्हणाला.

“येतंय की.”

“आत्ता येतंय. माज्या तोंडाकडं बगतूयास म्हनून. तिकडं जांभळीखाली पयल्या दिशी समदी मागं बगत हुती, तू माज्या हाताकडं बगत हुतास.”

“कमलला बोलू नकोस,” मी म्हणालो. 

“म्या कुनाला सांगनार न्हाई,” तो म्हणाला. “म्या हाय तवर माज्या मागं चाल. हात जरा उंच करीन. पन मशीन आन.”

“आणलंय. डबीत ठेवलंय.”

“मग आता डबीला चांगलं ऐकू येत आसंल,” शांताराम म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा हात असा वर जायचा, की एसटी थांबवतोय. गुरुजी म्हणायचे, “शांताराम, कानापर्यंत पुरे.” तो ऐकायचा नाही.

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि शांताराम गेला. म्हशींना वैरण टाकून ओट्यावर टेकला तो टेकलाच. मी चारचौघांत ढसाढसा रडलो, लाज वाटली नाही.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळा भिंतीवर येऊन बसला, पण शिवेना. शांतारामच्या मुलानं सांगितलं, म्हशी विकणार नाही. शिवेना. आईला अंतर देणार नाही. शिवेना. बहिणीच्या दिवाळीचं सांगून झालं. तास गेला. ऊन चढलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, की ह्याचं राहिलंय तरी काय.

मला कळलं होतं. मी पिंडाजवळ गेलो, वाकलो आणि हळूच म्हणालो, “उद्यापासून मशीन लावतो, शांताराम.”

मी सरळ उभा राहीपर्यंत कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

“आप्पा, काय बोललात?” सगळे विचारायला लागले. मी म्हणालो, म्हशींचंच सांगितलं. ते खोटं होतं. आणि खरं सांगायची लाज वाटते, पण दुसऱ्या दिवशी मी मशीन लावलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुजींच्या मागं चालायला लागलो आणि त्यांच्या हाताकडं बघायला लागलो.

*

हा किस्सा मागच्या थंडीतला. मोठ्या रस्त्यावरच्या पुलाचं काम निघालं होतं, त्यामुळं पाटी-बिटी न बघता गाड्या नदीकाठानं घुसायला लागल्या होत्या. त्या सकाळी नुसतं धुकं. पाटीजवळ कुणी नव्हतं. पुढं मात्र घोंगडी पांघरलेलं कुणीतरी चाललं होतं. म्हटलं, गुरुजी आज घोंगडी घेऊन आलेत, आणि थांबलेही नाहीत. मी मागं लागलो. अंतर काही कमी होईना, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

जांभळीपाशी आलो आणि पुढचा हात वर गेला. मी विचार केला नाही. इतक्या दिवसांची सवय. माझा हात वर, आणि मी डावीकडं थेट उसात.

बाहीला वारा लागला. दुधाच्या कॅनांनी भरलेला पिकअप मला घासून गेला आणि दहा पावलांवर जाऊन थांबला. मागचे लाल दिवे धुक्यात दिसत होते.  मी उसाचे दांडे धरून उभा राहिलो.

मागून गुरुजी आणि सिस्टर पळत आले. हो, मागून. सिस्टर माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, “घसा फुटेस्तोवर ओरडतोय आम्ही. तुम्ही चाललाय आपले मधोमध. तुमचा हात वर गेला तेव्हा जिवात जीव आला.”

“गुरुजी,” मी म्हणालो, “तुम्ही पुढं होता ना?”

“मी? मला आज उशीर झाला. पुढं तुम्ही एकटेच होता आप्पा.”

तेवढ्यात ड्रायव्हर उतरून आला. तिशीतला गडी, आमच्या गावचा नव्हता, राजूरकडून दूध घेऊन आला होता. त्यानं हात जोडले.

“चुकलं माजं. हे आजोबा मला दिसलंच न्हाईत. धुक्यात फकस्त पुढच्या बाबांचा हात दिसला. तीन बोटं दाखवली त्यांनी. म्हटलं अजून तिगं जन हायेत रस्त्यात, म्हनून ब्रेक दाबला. न्हाईतर काय खरं नव्हतं.” त्यानं पुढं बघितलं, मग आमच्याकडं. “कुटं गेलं ते बाबा?”

सिस्टरनी विचारलं, “कसा केला हात?”

ड्रायव्हरनं डावा हात वर केला, एसटी थांबवतात तसा उंच, आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटलं.

गुरुजी मटकन रस्त्यातच बसले. मी टपरीवर गेलो नाही. तिथूनच मागं फिरलो, घरी आलो, ओट्यावर बूट काढले आणि कमलला म्हटलं, “कपाटातली माझी चष्म्याची जुनी डबी दे.”