कांदे, काउंटर आणि लेले साहेब

आमच्या सेक्शनचा महिन्याचा अहवाल एका पानाचा असायचा. खाली नेहमी तेच वाक्य : "तपासणी केली, सर्व ठीक." पंधरा-सोळा वर्षं मी ते वाक्य टाइप होताना पाहिलं. आता घरी बसल्यावर कळतं, त्या एका पानात जे मावलं नाही ते सगळं माझ्याकडेच साचत गेलं. बायको विचारते, "तुमच्या ऑफिसात काम कधी चालायचं?" चालायचं की. पण ते आठवत नाही. आठवतं ते हे असलं.

नाशिकपासून दहा-बारा किलोमीटरवर, दिंडोरीच्या अंगाला, एका माळावर आमचं छोटंसं संशोधन केंद्र होतं. आता तिथं कुंपणाचे चार खांब उभे आहेत, बाकी गवत. सत्तरच्या दशकात तिथं कांद्यावर न् द्राक्षावर प्रयोग चालायचे. रोपाला द्यायच्या पाण्यात थोडा किरणोत्सारी फॉस्फरस मिसळायचा आणि तो पानात कुठवर चढला ते यंत्रानं बघायचं. प्रयोग संपला की कचरा उरायचा : माती, पात, हातमोजे, काचेच्या नळ्या. तो नीट बांधला जातो ना, कुणाच्या हातापायाला लागत नाही ना, हे तपासायचं काम आमच्या सेफ्टी सेक्शनचं.

सेक्शन म्हणजे चार माणसं. अधिकारी लेले साहेब, त्यांचा मदतनीस मी, वॉचमन दगाजीअप्पा आणि साफसफाई बघणाऱ्या शेवंतामावशी. आणि एक काउंटर. पेटीला वायरीनं जोडलेली नळी. नळीला किरण लागला की पेटीतून टिक असा आवाज.

*

या फॉस्फरसचा स्वभाव चांगला. चौदा दिवसांत निम्मा होतो, पुढच्या चौदा दिवसांत निम्म्याचा निम्मा. पाच महिने ठेवला की नसल्यात जमा. म्हणून कचऱ्याच्या पिशव्यांना तारखेची चिठ्ठी बांधून आम्ही त्या जाड भिंतींच्या एका खोलीत ठेवायचो.

माझा पहिलाच दिवस. त्या खोलीसमोर उभा राहून मी मोठ्यानं विचारलं, "अप्पा, आत काय आहे?"

दगाजीअप्पा सटाण्याकडचे. त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "हळू बोल. झोपेल शे."

"कोण झोपलंय?"

"कचरा. साहेब सांगतस, पाच महिना ठेवं का आपोआप शांत व्हई जास."

तेव्हापासून मीही त्या दारापाशी हळू बोलायला लागलो. लेले साहेब तर आधीपासूनच तसे बोलत होते. खोलीचं नावच 'झोपेची खोली' पडलं. मुंबईहून पहिल्यांदा तपासणीला आलेले मोठे साहेब चांगले खणखणीत आवाजाचे. पहिला प्रश्न त्यांनी ओरडूनच विचारला. आम्ही तिघांनी कुजबुजत उत्तर दिलं. दुसरा प्रश्न जरा हळू आला. तिसऱ्याला तेही कुजबुजायला लागले.

परतताना जीपमध्ये त्यांनी मला विचारलं, "का हो, आपण हळू का बोलत होतो?"

*

हेच साहेब पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आले. त्या दिवशी धुकं इतकं होतं, की गेटवरून ऑफिस दिसत नव्हतं, फक्त ऑफिसातल्या टाइपरायटरचा आवाज येत होता. साहेब म्हणाले, "या वेळी काउंटर मी धरतो." एका हातात पेटी, एका हातात नळी, आणि धुक्यातून चालायला लागले.

गेटपाशी यंत्र वाजलं. स्टोअरच्या दाराशी वाजलं. व्हरांड्यात वाजलं. चहाच्या खोलीत, जिथं फॉस्फरसचा थेंबही कधी गेला नव्हता, तिथंही वाजलं. मोठे साहेब प्रत्येक जागा वहीत लिहीत होते. लेले साहेबांचा चेहरा उतरत चालला. सगळीकडे सांडलं असेल तर केंद्राला कुलूप लागणार, हे आम्हा सगळ्यांना समजत होतं.

शेवंतामावशी मागून फरशी पुसत येत होत्या. त्या थांबल्या.

"साहेब, एक बोलू का? तुम्ही दाराशी गेले की दार वाजतं, भिंतीशी गेले की भिंत वाजती. मग दारा-भिंतीचा काय दोष?"

मोठ्या साहेबांनी स्वतःकडे पाहिलं. मग पेटी धरलेल्या हाताच्या मनगटाकडे. नळी त्या हाताच्या अगदी जवळ होती. घड्याळ जुनं, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं. काट्यांना रेडियमचा रंग. त्यांनी घड्याळ काढून मुकाट्यानं दगाजीअप्पांकडे दिलं. सगळी तपासणी पुन्हा झाली. सर्व ठीक.

जेवणाच्या सुट्टीत अप्पांनी लेले साहेबांना बाजूला घेतलं. "घड्याळ मी झोपेच्या खोलीत ठेवलं. याला शांत व्हायला किती दिवस?"

"अप्पा, रेडियम ते. निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं."

अप्पांनी विचार केला. "इतली आपली ड्युटी नही," म्हणाले, आणि घड्याळ परत करून आले.

*

कळवणकडचे काही शेतकरी एकदा केंद्र बघायला आले. साठवणीत कांद्याला मोड फुटू नये म्हणून त्याला किरण द्यायचा प्रयोग तेव्हा सुरू होता. शेडमध्ये दोन ढीग होते. साधे कांदे मोड येऊन हिरवे झाले होते. दुसरे, महिनोन्महिने तसेच, गुळगुळीत.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्यातला एक उचलला, हातात फिरवला, वास घेतला. लेले साहेबांना म्हणाला, "याला कधीच मोड यायचा नाय?"

"नाही."

"मंग ह्यो जित्ता हाय का मेलेला?"

लेले साहेब कुठल्याही प्रश्नाला लगेच उत्तर देणारे नव्हते. ते शेडच्या दारातून माळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जिवंत आहे. फक्त पुढचं काय करायचं ते विसरलाय."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि कांदा अलगद ढिगावर ठेवला, जसा उचलला होता तसाच.

"लय बरं हाय मंग त्याचं," म्हणाला.

*

काउंटर कधीच पूर्ण गप्प नसतो. जवळ काहीही नसलं तरी थोडी टिकटिक चालूच असते. काही जमिनीतून येतं, काही आकाशातून. ती टिकटिक रोज मोजून वहीत लिहावी लागे, म्हणजे कुठे जास्त वाजलं तर कळावं. दुपारी जेवण झालं की लेले साहेब आणि मी केंद्राच्या टोकाला निंबाखाली जायचो. दहा मिनिटं मनातल्या मनात टिक मोजायच्या. एकाचं चुकलं तर दुसऱ्याचा आकडा धरायचा.

चैत्रातली दुपार. निंबाला मोहोर. लांब कुठंतरी विहिरीवरचं इंजिन चाललेलं. टिक. बऱ्याच वेळानं टिक. मग लागोपाठ दोन. मी एकशे साठपर्यंत पोचल्याचं मला आठवतं.

डोळे उघडले तर सावली सरकलेली होती. लेले साहेब माझ्याकडे बघत होते. "किती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "साहेब, तुमचे किती?"

पुन्हा घड्याळ लावलं, पुन्हा मोजलं. साहेब खोटं लिहिणारे नव्हते. वहीत त्यांनी लिहिलं : "पहिलं मोजमाप अपूर्ण. दुसऱ्यांदा मोजले."

वर्षअखेरच्या तपासणीत मुंबईच्या साहेबांनी नेमकी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, "अशी काळजी इतरत्रही घ्यावी."

*

आम्हा सगळ्यांच्या छातीवर फिल्मचा बिल्ला असायचा. अंगावर किती किरण पडले ते त्या फिल्मवर उमटतं. दर महिन्याला बिल्ले मुंबईला जायचे, काही आठवड्यांनी अहवाल यायचा. माझा कोरा, मावशींचा कोरा, साहेबांचा कोरा. एका महिन्यात दगाजीअप्पांचा आला तो काळा.

लेले साहेबांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही. झोपेच्या खोलीची फट न् फट तपासली. काही नाही. अप्पांना शंभर वेळा विचारलं, कुठं गेला होतात, कशाला हात लावलात. अप्पा खाली बघत म्हणायचे, "कोठेच नही."

तिसऱ्या दिवशी साहेब त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. म्हणाले, "अप्पा, नोकरीची भीती असेल तर ती सोडा. मला तुमच्या जिवाची भीती वाटतेय."

तेव्हा अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर खोकला जात नव्हता. टीबी असेल, कामावरून काढतील, म्हणून कुणाला न सांगता सरकारी दवाखान्यात जाऊन ते छातीचा एक्स-रे फोटो काढून आले होते. बिल्ला लावूनच.

"आणि फोटोत काय निघालं?"

"काहीच नही. साधा खोकला."

साहेबांनी मोठा श्वास सोडला. "अहो, मग बिल्ला काढून ठेवायचा ना."

"साहेब, तुम्हीच तं सांगं होतं. काहीबी होवो, बिल्ला काढानं नही."

*

एक गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

काउंटर बरोबर चालतो का ते पाहायला आमच्याकडे एक छोटा सोर्स, म्हणजे किरण सोडणारा तुकडा, होता, बोराच्या बीएवढा, शिशाच्या जाड डबीत ठेवलेला. हा फॉस्फरससारखा महिन्यांत शांत होणारा नव्हता. एका सकाळी, मुंबईच्या तपासणीच्या आदल्या दिवशी, डबी उघडली तर रिकामी.

आदल्या संध्याकाळी ती खोली शेवंतामावशींनी झाडली होती. स्टोअरकीपर म्हणाला, "झाडायला दुसरं कोण जातं?" लेले साहेब घाबरले होते, एवढंच मी सांगू शकतो. त्यांनी गेटवर, सुटीच्या वेळी, सगळ्यांसमोर मावशींना थांबवलं. हातांवरून नळी फिरवली. पदरावरून फिरवली. जेवणाचा डबा उघडायला लावून त्यावरून फिरवली. नेहमीचीच टिकटिक. मावशी डबा बंद करून बस पकडायला गेल्या.

तासाभरात सोर्स सापडला. शेजारच्या कपाटात तशीच दुसरी डबी होती, तिच्यात. शिशाच्या आत असल्यानं यंत्राला कळला नव्हता. त्या कपाटाची किल्ली एकट्या लेले साहेबांकडे असायची. चार दिवसांपूर्वी त्यांनीच चुकून तिकडे ठेवला होता. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी मुंबईच्या साहेबांना सांगितलं आणि अहवालातही लिहिलं. तेवढ्या एका महिन्याच्या अहवालात 'सर्व ठीक' नव्हतं.

पण मावशी त्या दिवशी आल्या नाहीत. पुढचे दोन दिवसही नाहीत. चौथ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "काउंटर घे. चल."

मावशींचं घर नाशिकरोडच्या बाजूला, बौद्ध वस्तीच्या कडेला. दारासमोर सार्वजनिक नळ, आजूबाजूच्या सगळ्या चाळींचा. मावशी दारात उभ्या होत्या. साहेब म्हणाले, "मावशी, चूक माझी होती. माफी मागायला आलोय."

मावशी म्हणाल्या, "बसमधल्या लोकांनी गेटवरचं पाह्यलं होतं. मला किरणं लागली म्हणत्यात. नळावर मी गेले की बाया हंडे मागं घेत्यात." नळाकडे बघत म्हणाल्या, "माझ्या आईनं असं पाणी भरलं होतं साहेब. मला वाटलं, ते झालं आता."

साहेबांनी माझ्याकडून काउंटर घेतला. नळावर सहा-सात बाया होत्या. त्यांच्यासमोर त्यांनी मावशींचे हात तपासले, त्यांचा हंडा तपासला, मग नळाखालचा दगड, मग बायांचेही हंडे. टिक सगळीकडे सारखीच. "ऐकताय ना?" ते एवढंच म्हणाले. एक बाई पुढं झाली, तिनं आपला हंडा उचलून बाजूला केला आणि मावशींना म्हणाली, "भर तू आधी."

मावशींनी हंडा भरला. आम्ही मागोमाग दारापर्यंत गेलो. साहेब उंबरठ्याशी चपला काढत होते.

"थांबा साहेब," मावशी म्हणाल्या. त्यांनी हंडा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि साहेबांच्या हातातून काउंटर घेतला. "हात पुढं करा."

साहेबांनी दोन्ही हात पुढं केले. मावशींनी नळी फिरवली, सावकाश, बोटाबोटावरून, मग तळवे उलटे करायला लावून. नळावरच्या बाया बघत होत्या. मी बघत होतो. बराच वेळ लागला.

मग त्यांनी काउंटर माझ्याकडे दिला.

"या आता आत," म्हणाल्या. "पाणी देते."