तुंबलेली ‘ची’ आणि माझा अंबाडा

परदेशात, वेस्ट विंडसरला असताना माझा उजवा खांदा आखडला आणि माझे केस नवऱ्याच्या ताब्यात गेले. हात कानाच्या वर जाईना. रोज सकाळी तो माझी वेणी घालायचा, केबल गुंडाळावी तशी. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, “आपोआप सुटेल. वर्ष-दीड वर्ष लागेल.” तेवढे दिवस त्या वेणीनिशी मीटिंगला बसायची माझी तयारी नव्हती. ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीने तिच्या ओळखीच्या, ॲक्युपंक्चरच्या सुया टोचणाऱ्या बाई सुचवल्या. शनिवारी गेले. गाडी अर्थात नवऱ्याने चालवली.

बाईंनी खांद्याकडे बघितलंच नाही. दोन्ही मनगटांची नाडी बघितली आणि म्हणाल्या, “जीभ दाखवा.” मी दाखवली. त्या गंभीर झाल्या.

“पिवळी. यकृतात उष्णता आहे. ‘ची’ तुंबलीय.” ची म्हणजे अंगात फिरणारी शक्ती. ती वाहती हवी, अडली की दुखणं. “तुम्ही राग गिळता का?”

कोपऱ्यातल्या खुर्चीतून नवरा मराठीत म्हणाला, “गिळूनसुद्धा एवढा उरतो?”

“तू गप्प बस.”

“काय म्हणाले ते?” बाईंनी विचारलं.

“हो म्हणाले.”

मग माझी ट्यूब पेटली. खांद्यासाठी मी हळद-गुळाच्या गोळ्या चघळत होते, एक तर येताना गाडीतच. तसं सांगितल्यावर बाईंनी मला चूळ भरायला पाठवलं आणि जीभ पुन्हा बघितली.

“उष्णता नाही,” त्या म्हणाल्या. “ची मात्र तुंबलेलीच आहे.”

आणि सुई टोचली ती पायात, नडगीच्या बाजूला. “आता हात वर करा.” त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी केला. कळ आली, पण हात कानाच्या वर गेला.

“अरे, गेला की!” नवरा उठून उभा राहिला. “प्लंबिंगच आहे यार हे. भिंत एकीकडे ओली, गळती दुसरीकडे.”

ची खरी की खोटी, मला आजही माहीत नाही. खांदा कदाचित आपला आपणच सुटला असता. पण मी शनिवार चुकवले नाहीत, आणि एका सकाळी नवऱ्याच्या हातातून कंगवा काढून घेतला. कळ सोसत अंबाडा घातला.

“वाकडा झालाय,” तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला. “आणि आता कुठे मला वेणी जमायला लागली होती.”

मी आरशात बघितलं. खरंच वाकडा होता. तसाच घेऊन ऑफिसला गेले.