रामटेके मॅडमची छत्री

चामोर्शीत भर थंडीत छत्री उघडून चालणारं माणूस एकच, आमच्या रामटेके मॅडम. कॉलेजात बायोटेक शिकवायच्या. त्याआधी एका क्रीमच्या कंपनीत होत्या. तिथं काचेच्या ताटलीत माणसाच्या चामडीच्या पेशी वाढवायच्या अन् काय टाकलं की रंग कमी होतो, ते बघायच्या.

मी नकल्या. डोक्यावर झाडू धरून, मान ताठ करून तुरुतुरु चाललो की अख्खी कँटीन हसायची. एकदा मॅडम मागंच उभ्या! म्हणाल्या, "बाबू, छत्री जराशी तिरपी धर. ऊन वरून नाई, बाजूनं येऊन राह्यलं."

शिकवणंही असंच. "घुग्घुसच्या उघड्या खाणीतला माणूस उन्हात डोक्यावर दुपट्टा टाकते का नाई? तशी पेशी आपला काळा रंग डीएनएच्या डोक्यावर टाकते. छत्रीच हाये ते. अन् आपण पैसे देऊन तिले फाडून राह्यलो."

पुढं ताईसाठी पोरं बघणं सुरू झालं. आईनं आठवडी बाजारातून बिननावाची क्रीम आणली. ताई आधी गोरी झाली, मग गाल लालभडक, उन्हात गेली की नुसती आग. मी दोघींना मॅडमकडं नेलं.

मॅडमनं ताईची हनुवटी वर केली. गालावर बारीक लाल शिरा दिसत होत्या. "यात स्टिरॉइड असन. हे सोडा लागते. पण एकदम नाई, आधी चामडीच्या डॉक्टरले दाखवा."

आई म्हणाली, "मॅडम, रविवारी पाव्हणे येऊन राह्यले. तोवर तरी लावू द्या न."

मॅडम कायम पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायच्या. त्यांनी बाही वर सारली. हातभर कोडाचे पांढरे डाग. "लोकाइचा रंग घालवाले मी कंपनीत वर्षं घालवली, बाई. माझा फुकटात गेला. आतली छत्री गेली, म्हणून हे कापडाची धरा लागते."

आईनं घरी येऊन पाव्हण्यांना पुढची तारीख कळवली.

काही महिन्यांनी ते आले तोवर ताई आपल्या मूळ रंगावर आली होती. पोराची आत्या पोहे खाता खाता म्हणाली, "फोटोत तं पोरगी उजळ दिसत होती."

आईनं मान खाली घातली. ताईनं ट्रे ठेवला, मान ताठ केली अन् हुबेहूब मॅडमच्या आवाजात म्हणाली, "छत्री हाये ते माझी, आत्याबाई. तुमच्यासाठी फाडू काऊन?"

जमणारं लग्न तिथंच मोडलं. आई दोन दिवस माझ्यावरच चिडून होती.

मी मॅडमला सगळं करून दाखवलं. त्या डोळे पुसत हसल्या. "हे पोरगी तुझ्यापेक्षा बरी करते रे माझी नक्कल!"

उन्हाळ्यात मॅडम रिटायर होऊन नागपूरला निघाल्या. आम्ही स्टँडवर गेलो. त्यांना खिडकीची जागा मिळाली, नेमकी उन्हाची. ताईनं आपली नवी छत्री उघडली अन् बस हलेपर्यंत त्या खिडकीशी धरून उभी राहिली. जराशी तिरपी.