पिवळी पडलेली नळी

महामाया माझी एकुलती एक, सात वर्षांची. चार वर्षांपासून तिला दोन्ही कानांना ऐकायचं मशीन आहे. मशीन कानामागं बसतं आणि त्याची बारीक नळी कानाच्या मापानं केलेल्या, कानात बसणाऱ्या साच्यात जाते. रोज सकाळी मी साचा बाजूला काढते, नुसतं मशीन मुठीत धरते. शिट्टी वाजली की सेल चांगला. बी.एस्सी. झालेली मी, एवढ्यावर निर्धास्त होते.

सहामाही परीक्षेनंतर भोकरच्या शाळेतून तक्रार आली, "काहीही विचारा, नुसती 'हाव' म्हणून होकार देते." विहारात वंदना म्हणताना तिचा 'स' गळायला लागला. मला वाटलं, पोरीचं लक्ष नाही. परवा पाढे घेताना मी एक चापट मारली. तिनं गाल चोळला आणि म्हणाली, "हाव."

काल नांदेडला नेलं. मशीनवाल्यानं साचा उजेडात धरला.

"ताई, मशीन चांगलंय. ही नळी बघा."

पिवळी, काडीसारखी कडक, आत तेलाच्या थरानं भोक बंद. दुसरीही तशीच.

"कानात तेल घालता का?"

माझ्या सासूबाई, पंचफुलाबाई, शेजारीच बसल्या होत्या. "दर ऐतवारी लसूण घालून करडीचं तेल कढवते. दोनच थेंब. मशीननं लेकराचे कान वाळून राहिलेत. आमच्या बी कानात घातलं, आम्ही भैरे झालो का?"

"आजी, तुमचं नाव मी तीनदा विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं."

सासूबाईंनी पदर कानावर ओढून घेतला. रविवारी मी न्हाणीघर आवरत असते. तेलाचा वास मलाही यायचा.

सेल रोज तपासायचा, नळी सहा महिन्यांनी बदलायची, साचा रोज पुसायचा, कान वाढला की नवा करायचा. हा कागद चार वर्षं आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. मी फक्त सेलची ओळ पाळली.

"किती दिवसांपासून बंद असेल?"

"ते नाही सांगता येत, ताई."

कान आतून सुजलेत. आधी डॉक्टर, मग नवं माप, मग साचा. तीन आठवडे तरी मशीन लावायचं नाही.

बसस्थानकावर महामायासमोर उकिडवी बसले. तिला माझे ओठ दिसावेत म्हणून सावकाश विचारलं, "माझ्यावर रागावलीस का गं?"

ती हसली. "हाव."

कळून म्हणाली की सवयीनं, मला अजून कळलेलं नाही.